दुसऱ्याच्या जिभेवर

एव्रार शेव्हरो द्राक्ष चाखून खोटं सांगेल, असं मला कुणी म्हटलं असतं तर मी म्हणणाऱ्याच्या कानाखाली जाळ काढला असता. एरवी एव्रार खोटं बोलतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. पत्त्यांत बोलतो, बायको होती तोवर तिच्याशी बोलायचा, पाद्रीबाबांशी तर सर्रास बोलतो. पण ते वेगळं. चव सांगताना आमच्याकडे कुणी खोटं बोलत नाही. निदान बोलत नव्हतं.

आमचा 'क्लो दे नोव्हीस' हा गावाच्या वरच्या अंगाला आहे, चारी बाजूंनी भिंत असलेला द्राक्षमळा. ही भिंत मठात नव्याने आलेल्या साधूंनी बांधली म्हणतात आणि ते खरं असावं, कारण इतकी वाकडी भिंत एखाद्या गवंड्याने बांधली असती तर त्याला कुणी पुन्हा काम दिलं नसतं. पुढे राज्यक्रांतीत मठ गेला, मळा लिलावात निघाला आणि तेव्हापासून वरचा अर्धा भाग शेव्हरोंचा, खालचा आमचा, म्हणजे जाकोतोंचा. मध्ये बांध नाही की तार नाही. वरची माती पांढरी, खडेरी, मुठीत धरली की बोटांतून निसटते. आमची खालची तपकिरी आणि चिकट, बुटाला लागली की घरात स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत येते.

वाईन मात्र एकच. दोन्हीकडची द्राक्षं एका दिवशी तोडायची आणि आमच्या तळघरातल्या एकाच लाकडी हौदात टाकायची. वरच्या द्राक्षांचा वास, खालच्यांचं अंग. नुसती वरची घेतली तर अत्तराचं पाणी होईल आणि नुसती खालची घेतली तर काढा, असं माझे वडील सांगायचे. तसं करून कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे वडिलांचं म्हणणं कुणी खोडलंही नव्हतं.

आता तोडणीचा दिवस ठरवायचा म्हणजे भांडण आलंच. वरचं आधी पिकतं, खालचं मागून. आणि आपल्या द्राक्षांबद्दल कुणालाच खरं कळत नाही. ज्याला घाई असते त्याला आंबट मणीही गोड लागतो आणि जो भित्रा असतो त्याला सगळंच कच्चं वाटतं. म्हणून आमच्या भिंतीच्या आत एक रिवाज पडला. सप्टेंबरात खालच्या माणसाने वर जायचं, वरच्याने खाली यायचं. मी एव्रारची द्राक्षं चाखायची, त्याने माझी. मग फाटकापाशी उभं राहून एकमेकांना दिवस सांगायचा आणि दोन दिवसांमधला दिवस धरायचा. चिडवायचं, शिव्या द्यायच्या, काय हवं ते करायचं, पण सांगितलेल्या दिवसावर शंका घ्यायची नाही. आणि आपला मणी आपल्या तोंडात घालायचा नाही. माझ्या वडिलांनी लहानपणी एक घातला होता, तर आजोबांनी त्यांच्या तोंडात बोट घालून तो बाहेर काढला.

मी माझ्या मळ्यातलं द्राक्ष कधी खाल्लं नव्हतं, हे ऐकून पॅरिसहून वाईन घ्यायला येणारे लोक हसायचे. माझा नवरा बाहेरगावचा, त्यालाही हे कधी पटलं नाही. तो चोरून खायचा आणि ओठ पुसून घरी यायचा. मी बघून न बघितल्यासारखं करायची. तो गेला, पण रिवाज राहिला.

आमची एकुलती एक मुलगी क्लोतिल्द. तिने दिजाँला वाईनचं शिक्षण घेतलं, मग अमेरिकेत ओरेगॉनला जाऊन राहिली. तिकडच्या मळ्यांना भिंती नसतात म्हणे, डोंगरच्या डोंगर नुसता वेलींनी भरलेला. मला वाटलं होतं, पोरगी गेली ती गेली. पण गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात ती पेटी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मला आपल्या क्लोची वाईन करायची आहे." त्या दिवशी मी कोंबडी शिजवली, जुन्यातली जुनी बाटली वर आणली आणि एव्रारला जेवायला बोलावलं. माझं आयुष्यात आणखी काही मागणं उरलं नव्हतं. माझ्यानंतर तिने त्या हौदावर उभं राहावं आणि बाटलीवर एकच नाव राहावं, बस्स.

क्लोतिल्दच्या खिशात कायम एक नळी असायची. मणी चिरडून त्याचा एक थेंब काचेवर टाकायचा, नळी उजेडाकडे धरायची, डोळा लावायचा की आत साखर किती भरली ते दिसतं.

"आई, तुझ्या ओळींत एकदा बघू का?"

"खबरदार."

"अगं, खात नाहीये मी. नुसतं बघते."

"डोळ्यांनी खाल्लं तरी खाल्लंच ते."

ती हसायची आणि वर एव्रारकडे जायची. तिथे दोघं तासन्‌तास बोलत बसलेली असायची. त्याच्या जुन्या गोठ्यात तिने झाडलोट केली, दोन स्टीलच्या टाक्या आणून ठेवल्या. मी विचारलं तर म्हणाली, शिकायला म्हणून छोटे प्रयोग करायचे आहेत. मला बरंच वाटलं. म्हाताऱ्याला मूल ना बाळ, पोरीशी बोलतो तर बोलू दे.

त्या वर्षी उन्हाळा भट्टीसारखा गेला. सप्टेंबरात आम्ही चाखायला गेलो तेव्हा सकाळीसुद्धा भिंतीला हात लावला तर ऊब लागत होती. मी वर गेले आणि एका वेलीवरून दुसऱ्या वेलीवर मणी चाखत हिंडले. काय द्राक्षं होती! साल दाताखाली चटकन तुटत होती, बिया भाजलेल्या बदामासारख्या लागत होत्या आणि तोंडात असा वास भरत होता की मला एव्रारचा हेवा वाटला. मी फाटकापाशी आले. तो खालून यायचा होता. दर वर्षी तो खालून येताना काहीतरी बोलतच येतो. तुझ्या द्राक्षांपेक्षा माझी सासू गोड होती, किंवा तुझी माती लागून माझे बूट जड झाले, मजुरी दे. या वेळी तो गप्प आला. रुमालाने हात पुसत आला आणि माझ्याकडे न बघता उभा राहिला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"काय?" मी विचारलं.

"अजून नाही, ओर्तांस. आठवडा लागेल. आणखी दोन दिवस धर."

"आठवडा? एवढ्या उन्हात?"

"खाली ओल धरून आहे तुझ्या मातीत. बिया हिरव्या आहेत."

"माझी माती मेली नेहमीच आळशी," मी म्हटलं. "तुझी तयार आहेत बघ. आज तोड म्हणाले तरी चालेल, इतकी तयार आहेत."

"मग मधला दिवस धरू."

"सोमवार?"

"सोमवार," तो म्हणाला. आम्ही हात मिळवला. घरी येऊन मी हौद धुवायला घेतला. आत उतरून, ब्रशने घासून, गरम पाण्याने. क्लोतिल्द वरून बादल्या देत होती. ती त्या दिवशी फारसं बोलली नाही. उन्हाचं डोकं दुखतंय म्हणाली.

दोन दिवसांनी सकाळी मी पाव आणायला गेले. बेकरीवाली ल्युसेत मला बघून हसली.

"झाली का सुरुवात, मादाम जाकोतो? तुमच्या तोडणीवाल्यांनी आज सगळे क्रोसाँ उचलले. तुमच्यासाठी एक लपवून ठेवलाय."

"कुठले तोडणीवाले?"

"क्लोमधले. क्लोतिल्दच आली होती न्यायला. फार घाईत होती."

"आमची तोडणी सोमवारी आहे."

ल्युसेतचं हसू उतरलं. मागे रांगेत उभी असलेली माणसं एकदम पावाच्या फळ्या न्याहाळायला लागली. मी पाव न घेताच निघाले.

भिंतीपलीकडून माणसांचे आवाज येत होते. फाटक सताड उघडं होतं. वरच्या ओळींमध्ये तोडणीवाले वाकलेले, क्रेट भरलेले, ट्रॅक्टर सुरू, आणि ट्रॉलीवर उभी राहून क्रेट रचत होती माझी पोरगी. वरचा बहुतेक मळा रिकामा झाला होता. खाली माझ्या ओळींत एक माणूस नव्हता. पानांखाली माझे घड जसेच्या तसे लटकत होते, सोमवारची वाट बघत.

एव्रारने मला पाहिलं आणि टोपी काढली. मयताला आल्यासारखी.

"एव्रार, हे काय चाललंय?"

"ओर्तांस, ऐक जरा..."

"मी ऐकतेच आहे. बोल ना."

क्लोतिल्दने ट्रॉलीवरून उडी मारली आणि आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. "मी सांगते, आई. काकांना बोलू नकोस. वरच्या भागाची वाईन वेगळी करतोय आम्ही. मी करतेय. काकांच्या गोठ्यात."

"त्या प्रयोगाच्या टाक्यांत."

"हो."

"म्हणजे हिवाळ्यापासून ठरलंय तुमचं."

ती एकदम भरभर बोलायला लागली. "दर वर्षी वरचा भाग खालच्यासाठी थांबतो, आई. थांबून थांबून त्याचा वास उडून जातो. खालचाही पूर्ण पिकायच्या आत तोडावा लागतो. दोघांचं नुकसान करून आपण एक वाईन करतो आणि तिला परंपरा म्हणतो. जगात सगळे एकेक ओळ वेगळी काढतात आता. मला एकदा बघायचंय की ही वरची माती एकटी काय बोलते."

"आणि खालची?"

"खालची तुझी आहे."

इतकं सरळ बोलली ती. खालची तुझी आहे. जसं काही ती माझ्या पोटची नव्हती आणि त्या चिकट मातीत खेळून मोठी झालीच नव्हती.

"मला तोंडावर सांगायला काय झालं होतं?" मी एव्रारला विचारलं. "हात कशाला मिळवलास?"

"तुला सांगितलं असतं तर तू बोलली असतीस," तो म्हणाला. "आणि तू बोलायला लागलीस की मी ऐकतो. शाळेत होतो तेव्हापासून ऐकतो. या वेळी मला ऐकायचं नव्हतं, ओर्तांस. मरायच्या आधी एकदा माझ्या एकट्याच्या द्राक्षांची वाईन बघायची होती."

"मग बघ," मी म्हटलं. "गोठ्यात बसून बघ. जनावरांना तसंही गोठाच लागतो." तोडणीवाले कान टवकारून ऐकत होते. मला रडू येत होतं आणि त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी वळले आणि ताठ मानेने घरी आले. घरी आल्यावर धुतलेल्या, कोरड्या हौदाच्या काठावर बसून मी रडले. माझ्या माणसांनी मला फसवलं होतं. परक्यांनी नव्हे, ज्यांना मी एका ताटात वाढलं होतं त्यांनी.

आता कुणी विचारेल, मग त्याच दिवशी तू तुझी द्राक्षं का तोडली नाहीस? मधला दिवस कशाला पाळायचा, मोडलाच होता तर?

मधला दिवस मी पाळलाच नाही. सोमवार मी सोडून दिला. एव्रारने आठवडा आणि वर दोन दिवस सांगितले होते ना, मग माझ्या एकटीच्या वाईनसाठी मी पुरते तितके दिवस थांबायचं ठरवलं. हसा हवं तर. त्याने शब्द मोडला, भागी मोडली, माझी पोरगी पळवली, हे सगळं मला दिसत होतं. पण त्याने माझा मणी चावून सांगितलेला दिवस खोटा असेल, ही शंका माझ्या मनाला शिवलीसुद्धा नाही. आमच्या क्लोमध्ये शेजारी शेजाऱ्यावर फिर्याद करायचा आणि त्याच संध्याकाळी त्याच्याच जिभेवर तोडणी ठरवायचा. मी तशी वाढले होते. माझे तोडणीवाले विचारायला आले, त्यांना मी दुसरीकडे कामाला जाऊ दिलं आणि पुढच्या आठवड्यात या म्हटलं.

त्या संध्याकाळी क्लोतिल्द आली. स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहिली, आत आली नाही. तिच्या हातांना रस वाळून काळा झाला होता.

"आई, वाट बघू नकोस. उद्या तोडून टाक."

"का?"

"पाऊस सांगितलाय."

"पाऊस दर सप्टेंबरात सांगतात. जेवलीस का?"

"हो. आई..."

"काय?"

तिने तोंड उघडलं, दाराची कडी वरखाली केली आणि मग म्हणाली, "काही नाही. तोड, एवढंच." आणि गेली. तिला माझी दया येतेय असं मला वाटलं आणि त्या दयेचा मला संताप आला. मी मुद्दाम तोडली नाहीत असंही म्हणता येईल. पण खरं तसं नव्हतं. मी एव्रारवर विश्वास ठेवून थांबले होते.

पाऊस आला. आधी गरम वारा, मग थंड सरी, मग तीन दिवस थांबलाच नाही. खालच्या मातीत पाणी साचलं, वेली ते पोटभर प्यायल्या आणि मणी फुगून तडकले. पाऊस थांबल्यावर ऊन पडलं आणि कूज लागली. घड हातात घेतला की करड्या बुरशीचा धूर उडायचा. गांधीलमाश्या घोंगावत होत्या. ओळींमध्ये शिरक्याचा आंबट वास सुटला होता. मी तोडणीवाल्यांना बोलावलं, त्यांतले निम्मे आले. एकेक घड हातात घेऊन कात्रीने सडकं काढायचं आणि चांगलं असेल ते ठेवायचं, असं काम. क्रेटपेक्षा जमिनीवरच जास्त पडत होतं.

दुपारी शेजारच्या ओळीत कुणीतरी वाकून काम करायला लागलं. मी पानांतून पाहिलं तर क्लोतिल्द, रबरी बूट घालून, आपली कात्री घेऊन आलेली. मी तिला ये म्हटलं नव्हतं, पण जाही म्हटलं नाही.

मग खोडाजवळ पानांच्या आड, पाऊस न लागलेला एक घड तिला सापडला. तिने तो दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "हे सगळं असं होतं, आई. सगळीच्या सगळी ओळ."

"कधी?"

"काका खाली आले होते त्या दिवशी. मी पहाटे मोजलं होतं. तू नको म्हणाली होतीस तरी मोजलं." ती घडाकडेच बघत बोलत होती. "तुझी वरच्याइतकीच भरली होती. बियाही तपकिरी झाल्या होत्या. या वर्षी दोन्ही एकाच दिवशी आली होती."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. वरचं आणि खालचं एका दिवशी पिकणं, हे माझ्या वडिलांनी पाहिलं नव्हतं, आजोबांनी पाहिलं नव्हतं. मधला दिवस, दोघांचं नुकसान, तडजोड, हे सगळं त्या एका वर्षी नको होतं. एका सकाळी सगळा क्लो तोडला असता तर भिंतीच्या आतली आजवरची सगळ्यात चांगली वाईन त्या हौदात असती.

"मग एव्रारला कसं कळलं नाही?" मी विचारलं. "बिया हिरव्या आहेत म्हणाला तो मला."

"कळलं होतं."

"कळलं होतं?"

"दोन्ही तयार आहेत म्हटलं असतं तर वेगळं काढायला कारणच उरलं नसतं, आई. तू दुसऱ्याच दिवशी तोडणी लावली असतीस. काका तर फाटकापाशी येऊन तुला खरं सांगणारच होते. मी म्हटलं..."

"तू काय म्हटलंस?"

"मी म्हटलं, आठवडा सांगा."

कात्री माझ्या हातात होती. मी ती खाली ठेवली, कारण मला माझ्या हाताचा भरवसा वाटेना.

"तेव्हा पाऊस सांगितला नव्हता," क्लोतिल्द म्हणाली. ती रडत होती. "मला वाटलं, आठवड्याने तुझी जरा जास्त पिकतील, एवढंच. तुझी वाईन जरा जड होईल. मला तुझं नुकसान करायचं नव्हतं, आई. मी त्या संध्याकाळी सांगायलाच आले होते."

"सांगितलं नाहीस."

"नाही."

"पाऊस म्हणालीस."

"हो."

"जा आता," मी म्हटलं. "तुझ्या टाक्या फसफसत असतील." ती गेली. तो चांगला घड तिने माझ्या क्रेटमध्ये अलगद ठेवला. मी तो काढून मातीत टाकला आणि मग पुन्हा उचलून क्रेटमध्ये घातला, कारण द्राक्षं ती द्राक्षं.

त्या वर्षी माझा हौद गुडघ्याइतकाही भरला नाही आणि जे झालं त्याला तळघराच्या ओल्या भिंतीसारखा वास होता. ते मी दारू गाळणाऱ्याला देऊन टाकलं. क्लोतिल्दची वाईन मात्र झाली. बाटलीवर 'क्लो दे नोव्हीस' आणि खाली बारीक अक्षरांत 'वरचा भाग'. लोक लांबून यायला लागले, गोठ्यासमोर मोटारी उभ्या राहायला लागल्या. उन्हाळ्यात तिने एक बाटली माझ्या खिडकीत आणून ठेवली. मी ती पुष्कळ दिवस तशीच राहू दिली आणि शेवटी एकदा उघडली. वाईट असती तर मला किती बरं वाटलं असतं. पण ती चांगली होती, फार चांगली. वास घेत राहावं अशी. फक्त घोट गिळल्यावर मागे काही उरत नव्हतं, कुणी बोलता बोलता खोलीतून निघून जावं तसं. ते तिला कळलं असेल का, मला माहीत नाही. मी सांगायला गेले नाही.

मग पुन्हा सप्टेंबर आला. एक दिवस फाटकापाशी गेले तर एव्रार उभा. वर्षभरात आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. तो वाळला होता, पँट खांद्याच्या पट्ट्यांवर लोंबत होती.

"ओर्तांस, माझी बघून दे," तो म्हणाला.

"नळी आहे ना तुमच्याकडे."

"नळीला साखर कळते. द्राक्ष कळत नाही. आणि मी माझी खाल्ली नाहीत अजून."

"देवमाणूसच तू."

त्याने ऐकून घेतलं. मी वर गेले. का गेले, ते मलाही सांगता यायचं नाही. मणी तोंडात घातला आणि खोटा दिवस सांगायचं माझ्या मनात आलं, अगदी जिभेवर आलं. दहा दिवस सांगितले असते तरी त्याने मान डोलावली असती. पण त्या वेलींनी माझं काही वाकडं केलं नव्हतं. "परवा," मी म्हटलं. "त्याच्या पलीकडे नको."

"बरं. आता मी खाली येतो."

"खाली पाऊल टाकलंस तर तंगडं मोडून ठेवीन."

तो तिथेच थांबला. तेवढ्यात क्लोतिल्द वरच्या ओळींतून धावत आली आणि हातातली नळी पुढे करून म्हणाली, "आई, मी मोजलीत तुझी. रागाव हवं तर. आकडा सांगू?"

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. लहानपणी ताप आला की बघायची तशी बघत होती. ती खरं सांगणार होती, बहुतेक. माझी पोरगी समोर उभी होती आणि माझ्या मनात 'बहुतेक' हा शब्द आला, याच्याइतकं वाईट मला ती द्राक्षं सडली तेव्हाही वाटलं नव्हतं.

"नको सांगूस," मी म्हटलं.

ते दोघं गेल्यावर मी माझ्या ओळींत शिरले आणि माझाच एक मणी तोडून तोंडात घातला. गोड लागला. दुसरा घातला, तोही गोड. मग तिसऱ्या ओळीतला, मग अगदी शेवटच्या ओळीतला, सगळे गोड. आंबट असते तरी मला गोडच लागले असते. मी माझ्या मळ्यात उभी होते, तोंड रसाने भरलेलं होतं, आणि मला काही म्हणता काही कळत नव्हतं.

भिंतीबाहेरच्या रस्त्यावर एक सायकलवाला सावलीला थांबला होता. उंच, उन्हाने भाजून लाल झालेला, सायकलीच्या पिशवीला हॉलंडचा छोटा झेंडा. मी फाटकातून हाक मारली, "अहो! ओ सायकलवाले!" तो दचकला, भिंतीला टेकलेली सायकल झटकन बाजूला घेतली आणि माफी मागायला लागला. मी त्याच्या हातात एक घड दिला.

"खा."

त्याने घाबरत घाबरत एक मणी खाल्ला. मग दोन खाल्ले.

"कशी आहेत?"

"गोड," तो मोडकंतोडकं बोलला. "पण नुसती गोड नाही. इथे..." त्याने गालाला बोट लावलं, "इथे जरा ओढतं. छान ओढतं."

"बिया दाखवा."

त्याला वाटलं, मला वेड लागलंय. तरी त्याने तळहातावर बिया थुंकल्या आणि हात पुढे केला. बिया तपकिरी होत्या. पण मी बियांपेक्षा त्याच्या तोंडाकडेच बघत होते. त्याला माझ्या क्लोचं नाव ठाऊक नव्हतं, वर कोण आणि खाली कोण हे ठाऊक नव्हतं, माझ्याशी खोटं बोलून त्याला काही मिळणार नव्हतं.

"उद्या तोडू का?" मी त्याला विचारलं.

तो हसला. मग मी हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. त्याने आणखी एक मणी तोंडात घातला, या वेळी सावकाश, डोळे मिटून, आणि म्हणाला, "हो. उद्या."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी तोडणी लावली. क्लोतिल्द वरच्या ओळींत येऊन उभी राहिली आणि कितीतरी वेळ बघत होती. कुणाच्या सांगण्यावरून, असं तिने विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.